माघारी फिरलेला वैद्य

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट असतो दोन-तीन पानांचा, पण घरातली माणसं त्यातली एकच ओळ शोधत असतात. मूत्राशय काढल्यावर पंधरवड्याने तो हातात येतो आणि खाली कुठेतरी छापलेलं असतं: तपासलेल्या गाठी २४, कर्करोग सापडलेल्या गाठी २. मुलगा त्या ओळीचा फोटो काढून पुण्यातल्या मेव्हण्याला पाठवतो. ‘दोनच आहेत ना!’ असा दिलासा एक जण घेतो. ‘गाठीत गेलं म्हणजे पसरलंच की,’ दुसरा आवाज खाली आणून म्हणतो. मग ओपीडीत नंबर लागतो. दादांना बाहेरच्या बाकावर बसवलेलं असतं, पोटावरची लघवीची पिशवी सदऱ्याखाली झाकून. आत शिरल्या शिरल्या मुलाचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘डॉक्टर, दादांना यातलं काही सांगू नका.’ दुसरंही ठरलेलं: ‘किती दिवस आहेत?’

हे चित्र कुण्या एका घरचं नाही, म्हणून त्याला गाव-नाव द्यायची गरज नाही. मात्र त्या दोन वाक्यांत फार जुना प्रश्न दडलेला आहे. मरण कधी येणार हे कळू शकतं का? आणि कळलंच, तर त्या कळण्याचं करायचं काय? पहिल्या प्रश्नाला आकडेशास्त्र काहीतरी उत्तर देतं. दुसऱ्याला देत नाही.

आधी आकडे. मूत्राशयाचा कर्करोग बाहेर पडतो तो बहुतेक वेळा आधी ओटीपोटातल्या लसिका ग्रंथींत, म्हणजे लोकांच्या भाषेत गाठींत, उतरतो. एका गाठीत असेल तर एन-१, ओटीपोटातल्याच एकाहून जास्त गाठींत असेल तर एन-२, त्याच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या गाठींपर्यंत चढला असेल तर एन-३. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७१ ते १९९७ या काळात मूत्राशय काढलेल्या १,०५४ रुग्णांचा हिशेब २००१ साली छापून आला. त्यांपैकी २४६ जणांच्या गाठींत कर्करोग होता. पाच वर्षांनी यांतले ३१ टक्के हयात होते, दहा वर्षांनी २३ टक्के.

वाईटच म्हणायचे. पण त्याच अभ्यासात आकड्यांची आणखी एक जोडी आहे आणि ती जास्त बोलकी आहे. आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पाच वर्षांनी ३५ टक्के आणि दहा वर्षांनी ३४. म्हणजे आलेख आधी कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो आणि मग पठारावर येऊन सपाट चालू लागतो. जो पाच वर्षं तरला, त्याच्याकडे हा आजार सहसा परत येत नाही. पुढे तो गेलाच तर बहुधा हृदयाने, वयाने, चारचौघांसारखा जातो. गाठीत गेलेला कर्करोग म्हणजे थोड्याफार फरकाने सगळ्यांचं सारखंच आयुष्य, अशी आपली समजूत असते. इथे तर दोन वेगळे रस्ते आहेत, आणि फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणत्या रस्त्याला लागलोय हे दिसत नाही.

शिवाय तो ‘२४ पैकी २’ हा आकडा निसर्गाने लिहून दिलेला नसतो. शस्त्रक्रियेत काढलेली चरबी फॉर्मॅलिनमध्ये पिवळट, घट्ट होऊन पॅथॉलॉजीच्या टेबलावर येते. हातमोजे घातलेली बोटं ती थोडी थोडी चिमटीत धरून दाबत जातात, जोंधळ्यात खडा शोधावा तशी. एखादी गाठ वाटाण्याएवढी, एखादी तांदळाच्या कणीएवढी. संध्याकाळची वेळ असेल, ट्रेमध्ये अजून सहा नमुने पडलेले असतील, तर कणीएवढी गाठ निसटते. सर्जनने किती चरबी काढली आणि तपासणाऱ्याने किती चिकाटीने चाचपली, यावर छेदही ठरतो आणि अंशही.

यातून एक गंमत होते. शाळेत ‘अ’ तुकडीतला शेवटच्या नंबरचा मुलगा ‘ब’ तुकडीत टाकला, तर ‘अ’ची सरासरी वाढते, आणि तो ‘ब’मधल्या बहुतेकांहून बरा असेल तर ‘ब’चीही वाढते. एकाही पोराला एक मार्क जास्त मिळालेला नसतो. अमेरिकेतले वैद्यकशास्त्रज्ञ अल्वन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवलं की कर्करोगाच्या आकड्यांत हेच घडतं. तपासणी बारीक झाली की ‘गाठी स्वच्छ’ गटातले छुपे रुग्ण ‘गाठीत गेलेल्या’ गटात सरकतात आणि दोन्ही गट जास्त जगताना दिसतात. विल रॉजर्स या विनोदी नटाच्या एका चुटक्यावरून त्याला नावही विल रॉजर्सचंच पडलं. जास्त गाठी काढल्या की रुग्ण जास्त जगतो, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. शेवटी ५९२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करणारी चाचणी झाली, आणि २०२४ साली निकाल आला की ठरलेल्या हद्दीपलीकडे जाऊन गाठी काढल्याने आयुष्य वाढत नाही.

टप्प्यांचंही तसंच. जुन्या वर्गीकरणात एक जरी गाठ बाधित असली तरी रुग्ण चौथ्या टप्प्यात, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘लास्ट स्टेज’ला. नव्या आवृत्तीने ओटीपोटातल्या गाठींपुरता असलेला आजार तिसऱ्या टप्प्यात घातला, आणि अमेरिकेत ती १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. ३१ डिसेंबरच्या रात्री चौथ्या टप्प्यात झोपलेला माणूस सकाळी तिसऱ्यात उठला. पेशींना याचा पत्ताही नव्हता.

म्हणजे ओपीडीत मुलाला जो आकडा मिळतो तो दादांचा नसतोच. तो लॉस एंजेलिसच्या २४६ अनोळखी माणसांचा असतो, आणि त्यांतले पुष्कळ जण आजची औषधं निघायच्या आधीच गेलेले असतात.

महाराष्ट्रात बाळाच्या पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. या कल्पनेतली खुबी अशी की सकाळी कागद कोराच असतो. लिहिलेलं आहे, पण कुणाला वाचता येणार नाही. नशीब मानायचं आणि तरीही हातपाय हलवायचे, याला त्या कोऱ्या कागदाने जागा ठेवली आहे.

ह्युबर्ट हम्फ्री यांच्या बाबतीत तो कागद वाचायचा प्रयत्न झाला. १९६७ साली ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांच्या लघवीतून रक्त गेलं. पेशी तपासल्या, पण कर्करोग आहे की नाही यावर जाणकारांचं एकमत झालं नाही. ऑक्टोबर १९७६मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचं मूत्राशय काढावं लागलं आणि १३ जानेवारी १९७८ रोजी ते गेले. १९६७च्या त्या पेशी मात्र कुणीतरी जपून ठेवल्या होत्या. १९९४ साली संशोधकांनी त्या पुन्हा बाहेर काढल्या, तेव्हा पी-५३ नावाच्या जनुकातला नेमका तोच बिघाड सापडला जो १९७६च्या गाठीत होता. अक्षरं नऊ वर्षं आधी उमटलेली होती. वाचता यायला सत्तावीस वर्षं लागली. तरी वाचून झालं एवढंच की बीज कधीपासून होतं ते समजलं. त्या अक्षरांत तारीख नव्हती.

तारीख असते का मुळात? हा प्रश्न चरकसंहितेत अग्निवेश विचारतो. आयुष्य आधीच मोजून ठरलेलं असतं का? त्याचे गुरू आत्रेय यांचं उत्तर असं की सगळंच ठरलेलं असतं तर औषध कशाला, पथ्य कशाला, पिसाळलेल्या हत्तीपुढून बाजूला तरी कशाला व्हायचं? दैव आणि माणसाचा स्वतःचा प्रयत्न, दोन्हींनी मिळून आयुष्य बनतं. मग तो दाखला देतो गाडीच्या आसाचा. चांगला आस नीट वापरला तर आपल्या काळाने झिजून मोडतो. तोच आस जास्त ओझं लादलं, रस्ता खराब असला, वंगण घातलं नाही, तर अर्ध्यातच मोडतो. काळमृत्यू आणि अकाली मृत्यू यांतला फरक एवढाच. मूत्राशयाच्या कर्करोगापुरतं बोलायचं तर ओझं कोणतं तेही आता पुष्कळसं माहीत आहे. लुडविग रेह्न या जर्मन सर्जनने १८९५ साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा आजार पाहिला, आणि आज सुमारे निम्म्या रुग्णांचं खापर विडी-सिगारेटवर फुटतं. ‘मागच्या जन्मीचं’ म्हणण्याआधी या जन्मीचं बंडल मोजावं, इतपत आत्रेयानेही मान्य केलं असतं.

त्याच संहितेत रोगाच्या भवितव्याचे चार प्रकार आहेत: सहज बरा होणारा, कष्टाने बरा होणारा, याप्य, आणि सोडून द्यावा असा. यांतला ‘याप्य’ हा शब्द आपण हरवला, हे वाईट झालं. बरा होणार नाही, पण उपचार चालू आहेत तोवर माणूस चालता-बोलता राहील, असा तो आजार. टेकू दिलेल्या घरासारखा. आपल्या बोलण्यात दोनच खण उरलेत, ‘बरा होणार’ आणि ‘काही उपयोग नाही’. गाठीत गेलेल्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण खरं तर तिसऱ्या खणातले असतात आणि त्यांना चौथ्यात ढकललं जातं.

चौथ्या खणाबद्दल चरकाचा सल्ला स्पष्ट आहे, आणि तो निव्वळ करुणेतून आलेला नाही. असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याचा पैसा, विद्या आणि कीर्ती जाते, असं तिथे सरळ लिहिलंय. शिवाय मरणाची लक्षणं दिसली तरी विचारल्याशिवाय सांगू नये. विचारलं तरी, ऐकून रोग्याला किंवा त्याच्या माणसांना धक्का बसणार असेल तर सांगू नये. ‘दादांना सांगू नका’ या वाक्याची वंशावळ अशी दोन हजार वर्षं मागे जाते. ते मुलगा घाबरलाय म्हणून तर येतंच, पण परंपरेचा शिक्काही त्यावर आहे.

पण परंपरा एका तोंडाने बोलत नाही. महाभारतात मरणाचं भाकीत आधीच कळलेली दोन माणसं आहेत, आणि दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिला कश्यप. परीक्षिताला शाप मिळाला, सातव्या दिवशी तक्षक डसेल. भागवत सप्ताहाचे सात दिवस ते हेच. महाभारतातल्या कथेत राजा एका खांबावर उभारलेल्या महालात वैद्य आणि औषधं जवळ ठेवून बसतो. तिकडे कश्यप नावाचा विषवैद्य त्याला वाचवायला निघालेला असतो. वाटेत तक्षक त्याला गाठतो आणि म्हणतो, बघू तुझी विद्या. तो एका वडाच्या झाडाला डसतो. झाड जळून राख होतं. कश्यप राख गोळा करतो आणि आधी अंकुर, मग पानं, मग फांद्या, असा अख्खा वड उभा करतो. त्या झाडावर लाकडं तोडायला चढलेला एक माणूसही जळाला होता, तोही झाडाबरोबर जिवंत होतो; त्यानेच तर ही गोष्ट पुढे सांगितली. म्हणजे औषध लागू पडत होतं, साक्षीदारासकट सिद्ध झालं होतं. तेव्हा तक्षक दुसरा मार्ग धरतो. राजाकडून मिळेल त्याहून जास्त धन देतो, परत जा. कश्यप डोळे मिटून ध्यान लावतो, राजाचं आयुष्य सरलेलं आहे असं त्याला दिसतं, आणि तो पैसे घेऊन माघारी फिरतो.

लाचेची कथा म्हणून ती सहसा सांगतात. पण कश्यपाला धन घ्यायला लाज वाटली नाही ती त्या ध्यानामुळे. ‘तसंही आयुष्य संपलंच होतं.’ भाकिताने त्याची सोय केली. राजा सातव्या दिवशी गेला आणि भाकीत खरं ठरलं. वैद्य वेळेवर पोचला असता तर खरं ठरलं असतं का, हे आता कुणी सांगू शकत नाही.

दुसरी सावित्री. नारदाने भर सभेत सांगितलं की सत्यवानाला आजपासून बरोबर एक वर्ष. तिने तरीही त्यालाच वरलं, वनात गेली, आणि वर्षभर मनात दिवस मोजत राहिली. चार दिवस उरले तेव्हा तीन रात्रींचं व्रत धरलं. शेवटच्या दिवशी नवरा कुऱ्हाड खांद्यावर घेऊन निघाला तशी ही सोबत निघाली. पुढे यम त्याला घेऊन दक्षिणेकडे चालू लागतो आणि तिला पुन्हा पुन्हा सांगतो, मागे फिर. ती फिरत नाही. कश्यपाला न मागता मिळालेला तोच सल्ला.

सत्यवानाला त्या वर्षभरात कुणी काही सांगितलं नाही, हेही खरं, आणि घरोघरच्या मुलांना सावित्रीचा आधार घेता येईल. पण बारकाईने पाहिलं तर तिने बातमी दडवली आणि स्वतः त्याच्या अंगाला अंग लावून राहिली. आपल्याकडे बातमी दडवतात आणि दडवणारे दूर होतात. दादांच्या समोर टीव्ही मोठा लावतात, दाराआड फोनवर बोलतात. मधुमेह असलेल्या माणसाला घरात कुणी जिलबीला नको म्हणेनासं झालं, की त्याला रिपोर्ट वाचावा लागत नाही. त्याला सगळं कळतं, फक्त बोलायला कुणी उरत नाही. हे मौन सावित्रीचं म्हणवत नाही; त्याची चाल कश्यपाची आहे.

डॉक्टरांची नजर तरी ध्यानस्थ कश्यपाएवढी अचूक असते का? निकोलस क्रिस्टाकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी शिकागोत ३४३ डॉक्टरांना शेवटच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दल विचारलं, किती दिवस? निष्कर्ष २००० साली छापून आले. ढोबळमानाने बरोबर ठरलेले अंदाज पाचांतला एक. ६३ टक्के अंदाज प्रत्यक्षाहून जास्त दिवस सांगणारे निघाले, आणि डॉक्टर व रुग्णाची ओळख जितकी जुनी तितका अंदाज जास्त चुकला. माया आंधळी असते हे इथे टक्केवारीत आलं. मात्र १७ टक्क्यांच्या बाबतीत दिवस कमी सांगितले गेले होते, आणि काळजी करायची ती याच बाजूची. जास्त सांगितलं तर माणूस फसतो. कमी सांगितलं तर कश्यप परत जातो. किमो कशाला, एवढ्या खर्चात कशाला, असा सूर एकदा लागला की वाक्य आपोआप खरं होत जातं.

‘उपाय नाही’ हे ठरवायचं कुणी आणि कोणत्या तारखेला, याची फार काळजी जैन आचारधर्माने घेतली आहे. सल्लेखनेची, म्हणजे अन्नपाणी सोडत जाऊन मरण स्वीकारण्याची, मुभा देताना आचार्य समंतभद्रांनी अट घातली ती संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग ‘निष्प्रतीकार’ असण्याची. आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली ती दृष्टी जात चालल्यामुळे. दिसत नाही म्हणजे पायाखालचा जीव वाचवता येत नाही, तेव्हा मुनिव्रत पाळणंच अशक्य, असा त्यांचा निवाडा होता. डोळ्यांच्या डॉक्टरचा निवाडा वेगळा पडला असता. रोग तोच असून निष्प्रतीकार कशाला म्हणायचं हे जगण्याच्या हेतूवर ठरतं, याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं नाही.

आणि प्रतीकारही जागेवर राहत नाही. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या किंवा दूर पसरलेल्या या कर्करोगात वर्षानुवर्षं जुन्या किमोवर भिस्त होती. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ८८६ रुग्णांच्या चाचणीचे आकडे आले. एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही जोडी मिळालेल्यांत मध्यम आयुर्मान ३१.५ महिने, नेहमीची किमो मिळालेल्यांत १६.१. जवळपास दुप्पट. शस्त्रक्रिया झालेल्यांनाही आता निव्होलुमॅब देता येतं. त्याच्या चाचणीत आजार न उलटता गेलेला मध्यम काळ १०.८ महिन्यांवरून २०.८ वर गेला होता. २०२२ साली ‘आता काही उरलं नाही’ म्हणून घरी पाठवलेल्या एखाद्याच्या बाबतीत पुढच्याच वर्षी ते वाक्य खोटं ठरलं असतं.

अर्थात औषध निघालं म्हणजे दादांपर्यंत पोचलं असं नाही. या इंजेक्शनांची किंमत ऐकून बागायतदारही जमिनीचा सातबारा आठवू लागतो. कश्यप पैसे मिळाले म्हणून परत गेला होता. इथे पैसे नाहीत म्हणून त्याला यायला जमत नाही. आणि मग घरचे समजूत घालतात ती त्याच शब्दांत, आयुष्यच तेवढं होतं. पैशाचा प्रश्न प्रारब्धाच्या खात्यात मांडला की कुणाला जाब विचारायला नको.

ओपीडीत डॉक्टर अजून गप्प आहेत. मुलाने विचारलेल्या आकड्याचं उत्तर त्यांच्याकडे आहेही आणि नाहीही. तीनांतला एक वाचतो म्हणावं तर तो एक हाच, असं वाटून घेतील. दोन जातात म्हणावं तर आजच पुण्याच्या मेव्हण्याला निघायला सांगतील. ते बेल दाबतात आणि बाहेर बसलेल्या माणसाला आत बोलावतात. मुलगा रिपोर्टची घडी घालतो.

दादा हळू येतात. खुर्चीत बसताना पिशवीवर एक हात आपोआप जातो. तब्येतीची विचारपूस होते, टाके बघून होतात. मग दादाच घसा साफ करतात.

‘दसऱ्यानंतर द्राक्षाची छाटणी असते. ह्या पिशवीसकट बागेत वाकता येईल का?’

मुलगा काहीतरी बोलायला जातो. डॉक्टर त्याला हातानेच थांबवतात, पेन खाली ठेवतात आणि खुर्ची थोडी पुढे ओढून विचारतात, ‘बाग किती एकर?’